डेटाबेसमध्ये जायचंय, मग कोडिंग किती शिकू?

जून-जुलैत निकाल लागले की सोलापुरात सात रस्त्याजवळच्या टपरीवर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मुलगा बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर झालेला असतो, जावा दोनदा शिकून दोनदा सोडलेलं असतं, आणि अर्धा चहा झाल्यावर मूळ मुद्दा बाहेर येतो: "सर, कोडिंग काय आपल्याला जमंना. एसक्यूएल बरं जमतंय. डेटाबेसमधी गेलं तर चालतंय का?"

चालतंय. (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा.) मीही असाच आलो. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो तेव्हा मला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड, लिहितानाही घाम फुटायचा. पण कोडिंगला टाळून डेटाबेसकडे वळलेल्या माणसाला ते वर्ष-दोन वर्षांत मागच्या दारानं भेटतंच. तेव्हा ते कधी, किती आणि कोणत्या क्रमानं शिकायचं हे आधीच ठरवलेलं बरं. खालचा क्रम मला उशिरा कळला. तुम्हाला लवकर कळावा म्हणून लिहितोय.

पायरी १: 'डेटाबेस' म्हणजे नक्की कोणती नोकरी?

एका रविवारी बसून नोकरीच्या वीस जाहिराती वाचा. वहीत दोन रकाने करा: एकात पदाचं नाव, दुसऱ्यात मागितलेल्या गोष्टी. वीस झाल्या की चित्र स्वच्छ दिसतं.

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, बॅकअप, परवानग्या, सर्व्हरची तब्येत बघतो. त्याला लिनक्सवर शेल स्क्रिप्ट किंवा विंडोजवर पॉवरशेल लागतं, म्हणजे कमांड लिहून कामं आपोआप करून घ्यायची सोय. मोठे प्रोग्रॅम फारसे लिहावे लागत नाहीत. रिपोर्ट करणाऱ्याला एसक्यूएल, एक्सेल आणि पॉवर बीआयसारखं एखादं साधन पुरतं, निदान सुरुवातीला. डेटा इंजिनिअर, म्हणजे ठिकठिकाणचा डेटा गोळा करून पुढं पोहोचवणारा. त्याच्या जाहिरातीत पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा नाही असं क्वचितच दिसेल. आणि आपला विषय असलेला डेटाबेस डेव्हलपर या सगळ्यांच्या मधोमध उभा असतो. टेबलांची रचना, क्वेऱ्या (डेटाला विचारलेले प्रश्न), स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्रॅम), डेटा आत आणणं, बाहेर पाठवणं, सगळं त्याच्याकडे.

यात सोलापूरची एक गंमत आहे. पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपनीत डेटाबेससाठी वेगळी टीम असते. आपल्याकडे पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने, टॉवेल-चादरीचे व्यापारी यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपन्यांत चार-पाच माणसं असतात. तिथं 'मी फक्त डेटाबेसचं बघतो' म्हणणारा माणूस कुणाला परवडत नाही. सकाळी क्वेरी लिहायची, दुपारी ग्राहकाकडं जाऊन प्रिंटर जोडायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी पीएचपी भाषेतल्या कोडमधली चूक शोधायची. म्हणून इथं सुरुवात करणाऱ्याला कोडिंगची गरज पुण्यातल्यापेक्षा लवकर पडते, उशिरा नाही.

पायरी २: एसक्यूएल मुळापासून, आणि आधी तेच

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. पुढं १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर चालणारी सिक्वेल ही भाषा मांडली. तिचंच पुढं एसक्यूएल झालं. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही डेटाला प्रश्न विचारता यावा हा त्यांचा एक हेतू होता. म्हणजे 'हे कोडिंग आहे का' हा घोळ भाषेच्या जन्मापासूनचाच आहे, तुमचा एकट्याचा नाही.

एसक्यूएलमध्ये काय हवं ते सांगायचं. कसं आणायचं ते इंजिन ठरवतं. हे ऐकायला सोपं आणि अंगात मुरायला अवघड. जकार्डचा माग चालताना पाहिला असेल तर चटकन कळेल: नक्षीप्रमाणे लागणारे उभे धागे एकदम वर उचलले जातात, आडवा धागा एका फेकीत पलीकडे जातो, ओळ विणून होते. रफू करणारा मात्र सुईनं एकेक धागा उचलतो. नवखा माणूस डेटाबेसवर रफू करत बसतो.

मी बसलो होतो. चाळीस हजार ठेव खात्यांवर व्याज लावायचं होतं. मी कर्सर उघडून एकेक खातं वाचलं, व्याज काढलं, लिहिलं, पुढचं खातं. रात्री अकराला सुरू केलेलं काम सकाळी सातला शाखा उघडायच्या बेतात असताना कसंबसं संपलं. आमच्या सीनिअर मॅडमनी दुसऱ्या दिवशी ते सगळं एसक्यूएलच्या एका अपडेट कमांडमध्ये लिहिलं. व्याजदराचं टेबल जोडलं, अट घातली आणि चालवलं. टपरीवरून चहा यायच्या आत काम झालं होतं. "लूप कुठं लावायचा हे नंतर शीक, कुठं लावायचा नाही हे आधी," एवढंच म्हणाल्या.

म्हणून माझं मत असं, की प्रोग्रॅमिंगच्या आधी तीन महिने एसक्यूएलच करावं. जावातून आलेली मुलं डेटाबेसमध्ये बऱ्याचदा अडकतात ती याच सवयीमुळं. काय काय करायचं? जॉईनचे (टेबलं एकमेकांना जोडण्याचे) सगळे प्रकार, ग्रुप बाय (सारख्या नोंदींचे गट करणं), सबक्वेरी, विंडो फंक्शन, ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के करणं किंवा एकत्र मागे घेणं), इंडेक्स, आणि एक्स्प्लेन वाचणं. शेवटचं कुणी शिकवत नाही आणि रोज लागतं. इंजिन टेबल पूर्ण चाळतंय की इंडेक्सनं नेमकं जागेवर जातंय हे त्यात दिसतं.

सरावाला परदेशी कंपन्यांचा नमुना डेटाबेस घेऊ नका, कंटाळा येतो. चादरीच्या कारखान्याचा करा. टेबलं घ्या: माग, विणकर, डिझाईन, रोजचं उत्पादन, व्यापारी, ऑर्डर. मग स्वतःला प्रश्न विचारा. प्रत्येक डिझाईनचं महिन्यागणिक वाढत जाणारं एकूण उत्पादन किती? दिवाळीनंतर एकही ऑर्डर न दिलेले व्यापारी कोण? या दुसऱ्या प्रश्नात एक खड्डा आहे. 'नॉट इन' (म्हणजे अमुक यादीत नसलेले) वापरलंत आणि आतल्या यादीत एकही नल, म्हणजे किंमत न भरलेली जागा, आला, तर उत्तर रिकामं येतं. एरर नाही, इशारा नाही. एकही व्यापारी सुटलेला नाही असं वाटून मालक खूश होतो. तिथं 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा, आणि नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही', हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. कोणता डेटाबेस निवडू यावर महिना घालवू नका.

पायरी ३: स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे मागचं दार

ओरॅकलमध्ये पीएल/एसक्यूएल, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये टी-एसक्यूएल, पोस्टग्रेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, चूक पकडणं, सगळं यात आहे. पीएल/एसक्यूएलची घडण तर एडा या पुऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेवरून घेतलेली. 'मला कोडिंग जमत नाही' म्हणणारी माणसं यात चारशे ओळींची प्रोसिजर लिहून मोकळी होतात. ती कोडिंगच असते, फक्त कोडिंगचे नियम न पाळता केलेली.

ते नियम इथंच शिका. एका प्रोसिजरनं एकच काम करावं. नावं अशी द्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळतील. 'टेम्प२' आणि 'न्यू_फायनल' ही नावं नव्हेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक गिळू नका.

ओरॅकलमध्ये 'व्हेन अदर्स देन नल' अशी एक ओळ लिहिता येते. अर्थ: काहीही बिघडलं तरी गप्प बस. मी नवीन असताना रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये एरर यायची, ती ग्राहकाला दिसू नये म्हणून मी ही ओळ टाकली. एरर थांबली. अकराव्या दिवशी एका शाखेतून फोन आला, तेरीज (जमा-नावेचा ताळा) जुळत नाही. तीन शाखांच्या काही नोंदी पहिल्या रात्रीपासून पडतच नव्हत्या आणि जॉब रोज सकाळी 'यशस्वी' दाखवत होता. अकरा दिवसांच्या नोंदी हातानं जुळवताना शाखेतले लेखापाल काका शेजारी बसून होते. ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पायरी ४: एक सर्वसाधारण भाषा, आणि ती पायथॉन

भाषा कोणती यावर वाद घालता येईल. कंपनीत सगळं सी-शार्पमध्ये असेल तर सी-शार्प शिका. पण कोरी पाटी असेल तर पायथॉन घ्या. लिहायला कमी, वाचायला सोपी, आणि डेटाच्या कामाला जवळजवळ सगळीकडे चालते.

पायथॉनमधलं काय शिकायचं, तर फाईल उघडणं-वाचणं, मजकुराची काटछाट, लिस्ट आणि डिक्शनरी, फंक्शन, ट्राय-एक्सेप्ट, डेटाबेसला जोडणी, कमिट (बदल पक्का करणं) आणि रोलबॅक (मागे घेणं). वेब फ्रेमवर्क, गेम, मशीन लर्निंग, सगळं नंतर. दोन-अडीच महिने रोज दोन तास दिले तर एवढं होतं.

मग एक काम हाती घ्या. समजा एका संस्थेच्या शाखांकडून एक्सेल आणि सीएसव्हीच्या तीसेक फाईली आल्यात. त्या एका टेबलात आणायच्या. हे काम शुद्ध एसक्यूएलनं रेटायला गेलात की रडकुंडीला याल, कारण खरा डेटा कधीच सरळ येत नाही.

तारखांपासून सुरू करू. एका शाखेत संगणकाची सेटिंग भारतीय, दुसरीत अमेरिकन. १२/०१ ही तारीख आपल्याला १२ जानेवारी, सोलापूरकराला तर हुतात्मा दिन म्हणून पाठ. अमेरिकन सेटिंगला ती १ डिसेंबर वाटते. दोन्ही तारखा वैध, त्यामुळे डेटाबेस कुरकुरत नाही. १३ तारखेपासून पुढं मात्र एरर यायला लागते. काही नोंदी नीट, काही उलट्या, काही बाहेर. कोणत्या फाईलची पद्धत कोणती हे ओळखून एकसारखं करणारा लहानसा प्रोग्रॅम तुम्हालाच लिहावा लागतो.

पैशांचं तसंच. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, मिळवा, नेमके ०.३ येत नाहीत. बायनरीत हे अपूर्णांक पूर्ण बसतच नाहीत. एका खात्यात फरक दिसत नाही, हजारो खात्यांच्या बेरजेत पैशाचा घोळ होतो, आणि पतसंस्थेत तेरीज एक पैशानं चुकली तरी कुणी घरी जात नाही. डेटाबेसमध्ये न्यूमेरिक किंवा डेसिमल, पायथॉनमध्ये डेसिमल. फ्लोट नाही.

आणि आता मराठी. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी व्हिडिओंत हे सापडत नाही आणि आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात गाठतं.

'सोलापूर' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा-काने वेगळे मोजले जातात: स, ओकार, ल, आकार, प, ऊकार, र. झाले सात. ती साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचा प्रत्येक असा घटक तीन बाइट घेतो. म्हणजे सोलापूर एकवीस बाइटचं. ओरॅकलमध्ये व्हारचार२ या मजकुराच्या कॉलमला दिलेला आकडा मूळ सेटिंगमध्ये बाइटचा असतो. गावाच्या नावाला वीस ठेवलेत तर इंग्रजी सोलापूर आरामात बसेल, मराठी सोलापूर बाहेर राहील. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचारमध्ये नेहमीच्या सेटिंगवर मराठी टाकलंत तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तिथं कॉलम एनव्हारचार हवा आणि मजकुराआधी एन अक्षर हवं. मायएसक्यूएलमध्ये जुना 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातो. मराठी त्यात मावतं, पण व्यापाऱ्यानं ऑर्डरखाली हात जोडलेला इमोजी टाकला की एन्ट्री अडते, कारण इमोजीला चार बाइट लागतात. म्हणून 'यूटीएफ८एमबी४'.

याहून चिवट प्रकार म्हणजे 'कऱ्हाड'. यातला अर्धा र संगणकात निरनिराळ्या रीतींनी साठवला जातो. कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येतो, कुणाच्या र, हलन्त आणि न दिसणारा जोडक येतो, कुठं र खाली नुक्ता असतो. पडद्यावर सगळं सारखं. ग्रुप बाय केलं की बऱ्याचदा एकाच गावाच्या दोन-तीन ओळी, आणि तुम्ही डोळे चोळत बसता. नुक्त्याचा प्रकार पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं सुटतो. न दिसणाऱ्या जोडकाचा सुटत नाही, तो स्वतः शोधून बदलावा लागतो. त्यात जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल, आणि आपल्याकडच्या जुन्या संस्थांत तो असतोच, तर प्रत्येक चिन्हाचा तक्ता करून रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. जागा बदला, जोडाक्षर असेल तर आणखी पुढं सरकवा. हे काम क्वेरीनं करून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

पायरी ५: दुसऱ्याचं कोड वाचता यावं

लिहिता आलं नाही तरी चालेल. अ‍ॅप करणाऱ्यांचं जावा, सी-शार्प किंवा पीएचपी वाचून क्वेरी कुठून सुटतेय एवढं ओळखता आलं पाहिजे. कारण 'डेटाबेस स्लो आहे' ही तक्रार तुमच्याकडे येणार, आणि दोष पुष्कळदा तिकडं असणार.

नेहमीचं उदाहरण: पडद्यावर दोनशे व्यापाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाची बाकी. कोड लिहिणारा एका क्वेरीनं यादी आणतो, मग लूप लावून प्रत्येकाच्या बाकीसाठी एक. एकूण २०१ फेऱ्या. डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर असेल आणि एका फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील, तर चार सेकंद नुसती ये-जा. तुम्ही इंडेक्स टाकून थकाल, फरक पडणार नाही. एक जॉईन लिहून दिलात की काम झालं. पण तो लूप तुम्हाला दिसायला हवा ना.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. वापरकर्त्यानं टाईप केलेला मजकूर क्वेरीत थेट चिकटवलेला दिसला की तिथंच थांबवा. एसक्यूएल इंजेक्शनचं, म्हणजे मजकुराच्या जागी कमांड घुसवून डेटाबेस फोडण्याचं, दार तेच. किंमत पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवायची, हे सांगणारा माणूस टीममध्ये डेटाबेसवालाच असतो.

पायरी ६: गिट आणि काळी खिडकी

यावर फार लिहीत नाही. टेबल बदलणारी प्रत्येक स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. कमांड लाइनची, म्हणजे त्या काळ्या खिडकीची, भीती घालवा. दोन आठवड्यांचं काम आहे. अपडेट चालवण्याआधी ट्रान्झॅक्शन उघडा, तीच अट घालून सिलेक्ट करा, किती ओळी येतात ते मोजा. ही सवय लागली की पुढचे पुष्कळ फोन वाचतात.

काय सोडलं तरी चालेल

रेड-ब्लॅक ट्री, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची कोडी, तीन-तीन भाषा, फ्रंटएंड. पण फ्रेशरच्या भरतीत मोठ्या कंपन्या पद कोणतंही असो, उलटी स्ट्रिंग, मूळ संख्या, यादीतली दुसरी मोठी संख्या असलं विचारतात. ते फाटकातून आत जाण्यापुरतं महिनाभर घोटा. एआयला विचारून क्वेरी लिहून घेता येते हेही खरं. मीही घेतो. पण तो 'नॉट इन'चा खड्डा त्यानं ठेवलाय की बुजवलाय हे तपासायला तुम्हीच.

निव्वळ एसक्यूएलवर पूर्ण नोकरी काढलेली माणसं आहेत, मी पाहिलीत, आणि त्यांची क्वेरी पाहून हात जोडावेसे वाटतात. बहुतेकांचं आयुष्य एकाच कंपनीच्या एकाच सॉफ्टवेअरभोवती गेलं. ते सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा पंचेचाळिशीत काहींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तुमच्यापुढं निवड आहे, म्हणून सांगतो.

पायरी ७: दाखवायला काहीतरी करा

प्रमाणपत्रांची फाईल कुणी फारशी उघडत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचा कारखानदार, नात्यातलं युनिफॉर्मचं दुकान, कुणीही धरा. त्यांची गेल्या वर्षीची विक्री परवानगीनं घ्या, ग्राहकांची नावं आणि मोबाईल क्रमांक बदलून टाका. पायथॉननं आत आणा, टेबलं नीट करा, मालकाला खरोखर पडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं काढा. पहिला प्रश्न बहुधा 'उधारी कुणाकडं किती दिवसांची' हाच असेल. गिटवर टाकताना खरा डेटा टाकू नका, फक्त कोड आणि बनावट नोंदी.

मुलाखत पुण्यात असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येता येतं. जाताना लॅपटॉपमध्ये तो प्रकल्प उघडा आणि टेबलांची आकृती एका कागदावर हातानं काढून बघा, न बघता काढता येईपर्यंत. मुलाखतीत हमखास विचारतात, "यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" तिथं पाठ केलेलं उत्तर देऊ नका. कऱ्हाड दोनदा का येत होतं ते सांगा.